‘वुल्फ क्रीक’: परक्या कानांना न ऐकू येणारी भीती

ग्रेग मॅक्लीन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘वुल्फ क्रीक’ (२००५) हा ऑस्ट्रेलियन भयपट मी दोनदा पाहिला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ऑस्ट्रेलियाचा वाराही लागलेला नव्हता. पडद्यावरच्या इंग्रजी उपशीर्षकांवर डोळे रोखून मी कथानक समजून घेत होतो. दुसऱ्यांदा पाहिला तो दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातल्या ॲडलेडमध्ये काही वर्षे राहून झाल्यावर, त्याच राज्यात जन्मलेल्या आणि वाढलेल्या एका सहकारी मैत्रिणीच्या घरी. पहिल्या खेपेस मला तो सुरुवातीला रेंगाळणारा आणि शेवटी अंगावर येणारा रक्तपाताचा चित्रपट वाटला होता. दुसऱ्या खेपेस रेंगाळणारा म्हणून मी ज्याची संभावना केली होती तो पहिला तासच सर्वांत भयंकर वाटला आणि रक्तपात सुरू झाल्यावर, खरे सांगायचे तर, थोडे हायसे वाटले. हे परीक्षण प्रामुख्याने त्या तासाविषयी, आणि तो ऑस्ट्रेलियाबाहेरच्या प्रेक्षकांच्या हातून कसा निसटला याविषयी आहे.

कथानक अगदी साधे आहे. १९९९ साली लिझ आणि क्रिस्टी या दोन ब्रिटिश तरुणी आणि त्यांचा सिडनीचा मित्र बेन पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रूम गावातून एका जुनाट फोर्ड फाल्कन गाडीने क्वीन्सलंडमधल्या केर्न्सकडे निघतात. वाटेत उल्कापाताने तयार झालेले एक प्रचंड विवर पाहायला थांबतात. परत येऊन पाहतात तो मनगटावरची घड्याळे बंद पडलेली, आणि गाडीही सुरू होत नाही. अंधार पडतो, दूरवर दिवे दिसतात, आणि एक ट्रक घेऊन मिक टेलर नावाचा गडी मदतीला येतो. तो गाडीच्या इंजिनात डोके घालतो, बिघाड सांगतो, गाडी ओढून आपल्या तळावर नेण्याची आणि फुकटात दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवतो. तळ म्हणजे एक ओस पडलेली खाण. तिथे तो पाहुण्यांना पाणी देतो. सकाळी जाग येते तेव्हा तिघेही तीन ठिकाणी असतात. पुढचे सांगण्याची गरज नाही.

मिकच्या आगमनाच्या प्रसंगी माझी मैत्रीण चक्क हसली. मी चमकून तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, ‘‘अरे, हा तर माझ्या मामासारखाच बोलतो.’’ जॉन जॅरट या अभिनेत्याने मिकला दिलेला आवाज, वाक्याच्या शेवटी गिळलेले शब्द, प्रत्येक विनोदानंतर स्वतःच काढलेले ते घोगरे, घशात अडकलेले हसू, हे सारे तिच्या ओळखीचे होते. शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर, पबच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, नाताळच्या जेवणाला उशिरा येणाऱ्या एखाद्या नातेवाइकात तिने तो माणूस शंभरदा पाहिला होता. मला पहिल्यांदा पाहताना तिथे काहीच दिसले नव्हते, कारण माझ्या उपशीर्षकांत त्या हसण्याच्या जागी कंसात फक्त ‘हसतो’ एवढेच छापलेले होते.

साऱ्या चित्रपटाची किल्ली याच ठिकाणी आहे असे मला वाटते. मिक हा ऑस्ट्रेलियन माणसाला प्रिय असलेला नमुना आहे. नियम न जुमानणारा, साहेबी थाटाची टर उडवणारा, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ मानला जाणारा असा जो गडी तिथे ‘लॅरिकिन’ म्हणून ओळखला जातो, त्याच्याविषयी त्या देशाला मोठे ममत्व आहे. शिवाय आउटबॅकमध्ये, म्हणजे शेकडो किलोमीटर वस्ती नसलेल्या अंतर्भागात, बंद पडलेल्या गाडीपाशी थांबणे हा केवळ शिष्टाचार नसतो. दोन गाडीवाले एकमेकांना ओलांडताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देतात आणि अडचणीत असणाऱ्याला टाकून पुढे जात नाहीत. मॅक्लीन यांनी नेमक्या याच दोन गोष्टींच्या, त्या लाडक्या नमुन्याच्या आणि त्या अलिखित नियमाच्या, पोटात सुरी ठेवली. ज्याला हे दोन्ही लहानपणापासून ठाऊक आहे त्याला मिकच्या मदतीचे प्रत्येक वाक्य दुहेरी ऐकू येते. ज्याला ठाऊक नाही त्याला एक विचित्र खेडूत दिसतो, आणि विचित्र खेडूत पुढे खुनी निघणार हे भयपट पाहणाऱ्या कोणालाही आधीच कळते.

शेकोटीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. मिक सांगतो की तो पूर्वी मोठमोठ्या कुरणांवर उपद्रवी जनावरे मारण्याचे काम करत असे. तरुण मंडळी कौतुकाने ऐकतात. बेन सिडनीचा आहे हे कळताच मिक त्या शहराविषयी एक शेलका, पुरुषी शेरा मारतो. शेरा हसत मारलेला असतो, पण अंतर्भागातल्या माणसाचा शहरी माणसावरचा जुना राग त्यात पुरेपूर उतरलेला आहे. मग बेन गंमत म्हणून ‘क्रोकोडाइल डंडी’ या चित्रपटातल्या सुरीविषयीच्या त्या सुप्रसिद्ध वाक्याची (‘ती सुरी नव्हे, ही सुरी’) नक्कल करतो. मिकचे हसू थांबते. तो बेनकडे नुसता पाहत राहतो. शेकोटीतली लाकडे तडतडतात, कोणालाच पुढे काय बोलावे ते सुचत नाही, आणि दिग्दर्शक ती शांतता आपल्याला नकोशी होईपर्यंत ताणतो. पहिल्यांदा पाहताना मी एवढेच समजलो होतो की खुन्याला राग आला. दुसऱ्यांदा माझ्या शेजारची मैत्रीण पुटपुटली, ‘‘हे बोलायला नको होते.’’ खऱ्या आउटबॅकमधल्या माणसासमोर, परदेशी पाहुण्यांना हसवण्यासाठी, शहरातल्या पोराने त्याचे व्यंगचित्र काढून दाखवले होते.

त्या वाक्याची निवडही हेतुपुरस्सर आहे. १९८६ साली आलेल्या ‘क्रोकोडाइल डंडी’ने अमेरिकेत अफाट धंदा केला, त्या वर्षी तिथल्या तिकीटबारीवर ‘टॉप गन’नंतर त्याचाच क्रमांक होता. पॉल होगन यांनी रंगवलेला तो हसतमुख, भाबडा, निसर्गपुत्र पुढे कितीतरी वर्षे जगाच्या मनात ऑस्ट्रेलियाचा राजदूत होऊन बसला. त्याचेही नाव मिकच. मॅक्लीन यांचा मिक हा त्या मिकची काळी बाजू आहे: तीच टोपी, तीच सुरी, तेच पाहुण्यांशी सलगीने वागणे. परक्या प्रेक्षकांना ही जोडी ओळखता यावी अशी खूण चित्रपटाने स्वतःच करून ठेवली होती. तरीही पुष्कळांना ती केवळ एक फुटकळ थट्टा वाटली याचे मला नवल वाटते, अर्थात पहिल्या खेपेचा मीही त्यांच्यातच होतो.

अमेरिकेतील स्वागत तर प्रसिद्धच आहे. सनडान्स आणि कान येथील महोत्सवांत गाजून आलेला हा चित्रपट तिथे २००५ च्या नाताळाच्या दिवशी, २५ डिसेंबरला, देशभर लावण्यात आला. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे मत नोंदवणाऱ्या सिनेमास्कोअर या पाहणीत त्याला ‘एफ’, म्हणजे सर्वांत खालची श्रेणी मिळाली. नामवंत अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्याला एकही तारा दिला नाही. कुठेतरी मर्यादा असते आणि हा चित्रपट ती ओलांडतो, असा त्यांचा आक्षेप होता. तरीदेखील सुमारे १४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत १ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलरच्या आसपास कमाई केली. म्हणजे लोक गेले, पैसे मोजले, आणि चिडून बाहेर आले.

ते का चिडले असावेत याचा विचार करताना आधीच्या वर्षी आलेला ‘सॉ’ हा भयपट आठवतो. गंमत अशी की तोही दोन ऑस्ट्रेलियन तरुणांच्याच डोक्यातून निघालेला. जेम्स वॉन आणि ली वॅनेल मेलबर्नचे. पण त्यांनी तो लॉस एंजेलिसमध्ये केला आणि त्यातली ती कळकट न्हाणीघरासारखी खोली जगाच्या पाठीवर कुठेही असू शकते. तिथे त्या जीवघेण्या खेळाचे नियम पहिल्या दहा मिनिटांत कळतात आणि मग प्रेक्षक कोडे सोडवत बसतो. ‘वुल्फ क्रीक’ची जाहिरात त्याच पंगतीत बसवून झाली, त्यामुळे प्रेक्षकाने त्याच जेवणाची अपेक्षा ठेवली. प्रत्यक्षात ताटात आले ते काय? जवळजवळ एक तास तीन मुले पोहतात, गाडी चालवतात, परग्रहावरच्या यानांच्या गप्पा मारतात, हळूच एकमेकांच्या प्रेमात पडू पाहतात. तो तास मिकच्या आवाजाने भरून येतो हे न ऐकू आलेल्या माणसाला तो रिकामाच वाटणार. आणि तासभर रिकामे बसवून मग एकदम असह्य क्रौर्य दाखवणाऱ्या दिग्दर्शकाविषयी त्याच्या मनात राग दाटला तर त्यात फारसे आश्चर्य नाही.

मात्र एबर्ट यांचा आक्षेप केवळ अज्ञानातून आला असे म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात एका तरुणीच्या पाठीच्या कण्यावर जो वार होतो आणि तो करताना मिक ज्या मजेत बोलतो, ते पाहताना माझ्या मैत्रिणीनेही मान फिरवली. तिच्या कानांना ती बोली ओळखीची होती म्हणून क्रौर्य कमी झाले नाही. शिवाय इथवर इतक्या जिवंतपणे उभ्या केलेल्या तरुणी या भागात भयपटाच्या नेहमीच्या वाटेने चालू लागतात. मिक जखमी होऊन पडलेला असताना त्याला तसाच सोडून पळणे, निसटून गेल्यावर पुन्हा त्याच तळावर परतणे, ही पटकथेची सोय आहे. पहिल्या तासातला दिग्दर्शक आणि शेवटच्या अर्ध्या तासातला दिग्दर्शक एकच आहे यावर विश्वास बसू नये इतका हा फरक आहे.

ब्रिटनमधील प्रतिसादाचा पोत वेगळा होता आणि त्याचे कारण वर्तमानपत्रांत होते. १४ जुलै २००१ च्या रात्री नॉर्दर्न टेरिटरीत, स्टुअर्ट महामार्गावर बॅरो क्रीकजवळ, पीटर फाल्कोनियो या ब्रिटिश प्रवाशाचा खून झाला. त्याची सोबतीण जोॲन लीस अंधारात झुडपांत लपून वाचली. मारेकऱ्याने त्यांची गाडी थांबवली ती धुराड्यातून ठिणग्या उडत आहेत असे सांगून, म्हणजे मदतीच्याच मिषाने. त्याआधीचे प्रकरण न्यू साउथ वेल्समधील बेलँग्लो जंगलाचे: तिथे १९९२ आणि १९९३ मध्ये सात तरुण प्रवाशांचे मृतदेह सापडले. त्यांत तीन जर्मन, दोन ब्रिटिश आणि दोन ऑस्ट्रेलियन होते. त्या खुनांबद्दल आयव्हन मिलाट याला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. ‘सत्य घटनांवर आधारित’ हे शब्द पडद्यावर येतात तेव्हा ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे विशिष्ट चेहरे येत होते. फाल्कोनियो खटला तर चित्रपट प्रदर्शित होत असतानाच डार्विनच्या न्यायालयात चालू होता आणि त्यावर परिणाम होऊ नये म्हणून नॉर्दर्न टेरिटरीत चित्रपट लांबणीवर टाकावा लागला. अन्यत्र मात्र ते शब्द भयपटांच्या जाहिरातीतली एक झिजलेली सवय म्हणून वाचले गेले, किंवा मिक टेलर नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला असा कोणी समज करून घेतला. दोन्ही वाचने चुकीची आहेत. मिक हा कल्पित आहे. त्याची युक्ती मात्र खरी आहे.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो जी परक्यांना खटकली नाही आणि जी, माझ्या मते, खटकायला हवी होती. चित्रपटातले विवर हे पश्चिम ऑस्ट्रेलियातले खरेखुरे वुल्फ क्रीक विवर आहे. सुमारे ८८० मीटर व्यासाचे, हॉल्स क्रीक गावापासून जवळजवळ १४५ किलोमीटर दक्षिणेला. तिथले मूळनिवासी जारू लोक त्याला कांडिमलाल म्हणतात आणि त्याविषयीच्या त्यांच्या कथा आहेत. चित्रपटात ना ते नाव येते, ना ते लोक. ती भूमी पूर्ण निर्जन, आदिम आणि वैरभावाने भरलेली दाखवली आहे. ही भीती फार विशिष्ट माणसाची आहे: समुद्रापलीकडून येऊन किनाऱ्याला चिकटून राहिलेल्या, पाठीमागे पसरलेल्या विस्ताराला घाबरणाऱ्या वसाहतवाल्याची. पीटर वेअर यांच्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’मध्ये (१९७५) शाळकरी मुलींना गिळणारा खडक त्याच भीतीचा होता, आणि योगायोग म्हणजे त्यात तरुण जॉन जॅरट आहे, घोड्यांची देखभाल करणाऱ्या मुलाच्या भूमिकेत. ज्यांची हजारो वर्षे त्या भूमीत गेली त्यांच्या दृष्टीने ती निर्जन कधीच नव्हती. परदेशी समीक्षकाने वाळवंटाच्या छायाचित्रणाची मनापासून स्तुती केली, ती रास्तही आहे, परंतु ते रिकामेपण निसर्गाने दिलेले नसून कॅमेऱ्याने निवडलेले आहे हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. मैत्रीण म्हणाली, ‘‘इतक्या मोठ्या मुलखात यांना एकही काळा माणूस भेटत नाही, हे बघ,’’ तेव्हा कुठे मी पाहिले.

परका प्रेक्षक नेहमी कमीच पाहतो असा मात्र याचा अर्थ नव्हे. ‘वेक इन फ्राइट’ (१९७१) या, दारू, जुगार आणि कांगारूंच्या शिकारीने भरलेल्या अंतर्भागाविषयीच्या चित्रपटाचा दिग्दर्शक टेड कोचेफ हा कॅनडाचा होता. फ्रान्समध्ये चित्रपटाचे चांगले स्वागत झाले आणि मायदेशी तो पडला. एका खेळात कोणी प्रेक्षक उठून ‘हे आम्ही नव्हे’ असे ओरडला आणि त्यातील अभिनेता जॅक थॉम्प्सन यांनी त्याला ‘खाली बस, हे आपणच आहोत’ असे सुनावले, हा किस्सा तिथे अजून सांगितला जातो. पुढे त्याची मूळ निगेटिव्ह पिट्सबर्गमधील एका गोदामात, नष्ट करण्याची खूण केलेल्या पेटीत सापडली. जेनिफर केंट यांच्या ‘द बाबाडूक’चेही (२०१४) तसेच. तो ॲडलेडमध्ये चित्रित झाला, पण ऑस्ट्रेलियात अवघ्या तेरा चित्रपटगृहांत लागला आणि तिथे त्याची कमाई जेमतेम अडीच लाख डॉलरच्या घरात राहिली. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’चे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी त्याची जाहीर वाखाणणी केली. परंतु विधवा आई, रात्र रात्र न झोपणारे मूल आणि दुःखाने काळवंडलेले घर यांना बोलीची गरज लागत नाही. ते घर कुठल्याही गावात हलवता येते. मिक टेलरला त्याच्या आवाजापासून वेगळे काढले की हाती उरते ती फक्त एक बंदूक.

मॅक्लीन यांना हे स्वतःलाही जाणवले असावे असा संशय ‘वुल्फ क्रीक २’ (२०१३) पाहताना येतो. पहिल्या चित्रपटात सूचित असलेला परकीयद्वेष तिथे मोठ्याने बोलून दाखवला जातो: मिक एका ब्रिटिश प्रवाशाला बांधून ठेवतो आणि ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावर प्रश्नमंजूषा घेतो, उत्तर चुकले की बोट जाते. कल्पना चलाख आहे आणि तो प्रसंग रंगतोही, पण तो परदेशी प्रेक्षकाला बोट धरून समजावून सांगितल्यासारखा आहे. आता सगळ्यांनाच कळते. त्यामुळे कोणीच घाबरत नाही. मैत्रीण अर्ध्यातून चहा करायला उठली आणि मी चित्रपट थांबवू का असे विचारल्यावर ‘‘चालू दे’’ म्हणाली.

पहिला चित्रपट मात्र आवर्जून पाहावा असे मी सुचवेन, दोन अटींवर. स्त्रियांवरील अत्याचाराची दृश्ये ज्यांना सहन होत नाहीत त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये; उत्तरार्धात कोणतीही सवलत नाही आणि ‘कलात्मक’ वगैरे विशेषणांनी ती दृश्ये सौम्य होत नाहीत. दुसरी अट उपशीर्षकांची. मिकचे बोलणे वेगवान, जड आणि स्थानिक शब्दांनी भरलेले असल्यामुळे ती लावण्याचा मोह होतो. पहिल्यांदा खुशाल लावावीत. नंतर शेकोटीचा प्रसंग तेवढा ती बंद करून पुन्हा पाहावा. माझे बरेच शब्द तेव्हाही सुटले, अजूनही सुटतात. पण डोळे खालच्या ओळीवरून मोकळे झाल्यावर जॅरट यांचा चेहरा दिसतो: ओठ अजून हसण्याच्या आकारात आहेत, डोळ्यांतले हसू कधीच विझले आहे, आणि समोर बसलेली तीन मुले, त्यांतला एक तर त्याच देशाचा, हसावे की नाही हे ठरवत आहेत.